पाणी सुटलं

आमच्या वाडीत नळाला दिवसाआड पाणी येतं आणि नक्की किती वाजता येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. कधी सकाळी सहाला, कधी दहाला, मनात आलं तर भर दुपारी. म्हणून ज्या बाईला आधी दिसेल तिनं "पाणी सुटलं गो" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून हंडे लावायचे, असा इथला रिवाज आहे. लग्न करून आले तेव्हा मला ह्याची गंमत वाटायची. माझं माहेर गुहागरकडचं. घरामागे विहीर, पोफळींना पाजूनही उरेल एवढं पाणी. पाण्याची वाट बघायची असते हेच मला माहीत नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ह्या दोन शब्दांमुळे झालं. लोक मला म्हणतात, नम्रता, तू एवढी शिकलेली, झेरॉक्सच्या दुकानात बसून अख्ख्या गावाचे फॉर्म भरतेस, आणि तुला एवढं कळलं नाही? हो, भरते फॉर्म. आणि नाही कळलं.

मे महिना होता आणि मला नववा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. घरी बाबा आणि धाकटा भाऊ दादू. दोघांना मिळून भात लावता येतो, त्याच्यापुढे काही नाही. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "कशाला जातेस तिकडं? मी हाय ना. तीन झाली मला, तिन्ही ह्याच घरात."

त्यांचं नाव हौसा. जेटीवर मासळी विकतात. त्यांचं बोलणं असं ठाम की ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचं सुचतच नाही. मी त्यांना आई म्हणते. पहिलं वर्षभर ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायचे. सातव्या महिन्यात माझे पाय सुजले, तेव्हा रोज बाजारातून आल्यावर त्या मासळीचे हात लिंबानं धुवायच्या, माझे पाय मांडीवर घ्यायच्या आणि डोळा लागेपर्यंत चोळायच्या. तेव्हापासून मनापासून म्हणायला लागले.

विनीत, माझा नवरा, लाँचवर खलाशी आहे. मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या आधीचे शेवटचे दिवस, त्यामुळे लाँच आठ-आठ दिवस आत समुद्रात, फोनला रेंज नाही. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत थांबव गो त्याला." जसा काही माझ्या पायाखाली ब्रेकच होता.

तो गेल्यावर त्याच आठवड्यात मी दोनदा दवाखान्यात जाऊन परत आले. दोन्ही वेळा पोट कडक झालं, मी घाबरले, शेजारच्या अनिलची रिक्षा काढली. दोन्ही वेळा नर्सनं तपासून सांगितलं, खोट्या कळा आहेत, घरी जा. पहिल्यांदा सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा रिक्षातून उतरता उतरता म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा पोर बाहेर डोकावत असंल तरच सांग." अनिल हसला. मीही हसले, पण ते मला लागलं. आता आपण होऊन आरडाओरडा करायचा नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

नंतर चार दिवसांनी, सकाळी पावणेसातला, मी न्हाणीघरात होते. पायांवरून काहीतरी कोमट वाहिलं. आधी वाटलं लघवी झाली, मग लक्षात आलं की ते थांबवता येत नाहीये. खाली बघितलं तर नुसतं पाणी नव्हतं, हिरवट, गढूळ असं काहीतरी होतं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. बाहेर पडवीत सासूबाईंची निघायची गडबड चालली होती. सातला जेटीवर लिलाव असतो, त्याच्या आत पोचावं लागतं. मी दाराआडूनच हाक मारली.

"आई, पाणी सुटलं."

"सुटलं? बरं झालं बाय. आज लवकर सुटलं."

"पण गढूळ आहे."

"पयलं गढूळच येतंय. तेवढं जाऊ दे, मंग नितळ येल."

"मग मी काय करू?"

"काय करू म्हंजे? सावकाश घे. दोन तास चालतंय. वजन तेवढं उचलू नको. मी येतंय बाजार उरकून."

फाटक वाजलं आणि त्या गेल्या.

आता तुम्हीच ते परत वाचून बघा. एक तरी शब्द चुकीचा होता का? त्या नळाबद्दल बोलत होत्या आणि मी माझ्याबद्दल, आणि दोघींचं बोलणं एकमेकींत चपखल बसलं. मला एवढंच ऐकू आलं की तीन मुलांची आई सांगतेय, पहिलं गढूळच येतं, दोन तास लागतात, घाबरू नको. त्या चिडल्या नाहीत, हसल्या नाहीत. "वजन उचलू नको" म्हणाल्या तेव्हा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई असती तर हेच म्हणाली असती, असं मला वाटलं.

मी जुन्या साडीचं कापड घेतलं, दवाखान्यात न्यायची पिशवी भरली, डाव्या कुशीवर पडून राहिले. घड्याळ समोर होतं. दोन तास म्हणजे पावणेनऊ. मध्ये मध्ये उठून कापड बघत होते, की नितळ झालं का. नव्हतं होत. उलट हिरवा रंग गडद होत होता.

साडेसातला कंबरेत कळ आली. खोट्या कळा पोटावर आल्या होत्या, ही पाठीतून निघून मांड्यांत उतरली आणि ती गेल्यावरही मला हलता येईना. मग वीस मिनिटांनी दुसरी. मग बारा मिनिटांनी. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजावत होते की हे असंच असतं, आईंना माहीत आहे, आई येतायत. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती आणि मी ती लक्षात येऊ देत नव्हते. सकाळपासून बाळ फारसं हललं नव्हतं. रोज ह्या वेळेला ते बरगडीत लाथा मारून मला उठवायचं.

नऊ वाजले. सासूबाईंचा पत्ता नव्हता. मी फोन लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. मागे बाजाराचा गलका, बर्फ फोडल्याचा आवाज.

"आई, पाणी अजून येतंय. थांबतच नाही."

"मंग चांगलंच हाय की गो. येतंय तवर येऊ दे. गिऱ्हाईक हाय, ठेवतंय."

मी कळांचं सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी ठेवलासुद्धा. परत लावायला हवा होता. अनिलला हाक मारायला हवी होती, गावच्या आशा सेविका ताईंना फोन करायला हवा होता. हे सगळं आज मला सुचतं. तेव्हा मला कळ आली आणि ती ओसरल्यावर एवढंच सुचलं की त्या म्हणाल्या चांगलं आहे, म्हणजे चांगलं असेल.

दहाला फाटक वाजलं. मी खोलीत जमिनीवर हातागुडघ्यांवर होते, कॉटचा पाय धरून. सासूबाई आधी मागल्या दारी गेल्या. हंडा हलवल्याचा आवाज आला. मग त्या बोलत बोलतच आत आल्या.

"नमू, हंडे कोरडेच की गो. सकाळपासनं पाणी सुटलंय म्हंतेस आणि एक भांडं पण भरलं नायस?"

मला काही क्षण समजेना त्या कशाबद्दल बोलतायत. मग समजलं. 

"माझं, आई," मी म्हटलं. "माझं पाणी सुटलं."

त्या खाली बसल्या. कापड उचललं, उजेडाला धरलं, नाकाशी नेलं.  दीड वर्षात सासूबाईंना बोलायला काही सापडलं नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि तेव्हा मी खरी घाबरले.

अनिलची रिक्षा दारात आली तेव्हा मला चालता येत नव्हतं. सासूबाई एका हातानं मला धरून बसल्या होत्या, दुसरा हात माझ्या पोटावर. एकदा अनिलला म्हणायच्या हळू चालव, लगेच म्हणायच्या जोरात घे. मध्येच वाडीतल्या देवीला हाका. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला आतून कळत होता. त्यांचा हात पोटावर सारखा जागा बदलत होता. त्या बाळाची हालचाल शोधतायत हे मला माहीत होतं, आणि त्यांना ती सापडत नाहीये हेसुद्धा.

दवाखान्यात दर्शना मॅडम होत्या, तरुण डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. हातमोजे चढवता चढवता त्यांनी विचारलं, "पाणी कधी सुटलं?"

"आत्ताच," सासूबाई म्हणाल्या. "अर्धा तास झाला असंल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या. नर्सनं कागदावर लिहिलंही. मी बोलणार तोच कळ आली आणि पूर्ण मिनिटभर मला श्वासच घेता येईना, बोलणं दूर. तेवढा वेळ ते खोटं त्या कागदावर तसंच राहिलं.

"पावणेसात," कळ सुटल्यावर मी म्हटलं. "पहिल्यापासून हिरवं होतं."

मॅडमनी मान वर केली. "पावणेसातपासून घरी काय करत होतात?"

 उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. नर्सला म्हणाल्या, "ऑपरेशनची तयारी करा," आणि सासूबाईंना बाहेर पाठवलं.

पोटावर पट्टा बांधून त्यांनी बाळाचे ठोके ऐकायचं मशीन लावलं. तो टकटक आवाज खोलीभर ऐकू येत होता. कळ आली की तो मंदावायचा, कळ गेली की सावकाश परत यायचा, आणि दर वेळी त्याला परत यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा. मॅडमनी मला काही लपवून ठेवलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, "बाळानं पोटातच शी केलीय. ती श्वासात जायची भीती आहे. ठोके मंदावतायत. लवकर बाहेर काढायला हवं." मग तपासून म्हणाल्या, पिशवीचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलंय, आता सिझरपेक्षा इथूनच लवकर होईल, पण तुला जोर लावावा लागेल आणि मी म्हणेन तेव्हाच.

बाळंतपणाबद्दल बायका सांगतात की ते दुखणं विसरायला होतं. मी काही विसरलेले नाही. कंबरेचं हाड कुणी दोन्ही बाजूंनी धरून उलगडतंय असं वाटत होतं. नर्स म्हणायची ओरडू नको, ताकद जाते, आणि मी ओरडत होते. "आई" म्हणून ओरडत होते. कुठली आई ते मलाच कळत नव्हतं, गेलेली की दाराबाहेर बसलेली. मग कधीतरी मला राग आला. ऐकण्यातल्या चुकीचा नव्हे. ती चूक माझीही होती. त्या अर्ध्या तासाचा राग आला. माझं बाळ आत गुदमरतंय आणि ह्यांना आपली लाज सांभाळायचीय. मी सगळा जोर त्या रागावर लावला. मॅडमनी बाळाच्या डोक्याला व्हॅक्युमची वाटी लावून ओढलं. मला फाटल्यासारखं झालं आणि मग एकदम रिकामं.

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. कुणीच रडलं नाही.

मी त्या शांततेकडे कान लावून होते. नळी ओढल्याचा आवाज, कुणीतरी आकडे मोजल्याचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज, सगळं ऐकू आलं, फक्त ते एक नाही. "रडत का नाही?" मी विचारलं.  परत विचारलं. पलीकडच्या टेबलाभोवती पाठीच पाठी होत्या, आणि त्यांच्यामधून मला एक पाय दिसला, निळसर, नखं हिरवी झालेली. "मुलगी आहे," कुणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं आणि तिला घेऊन गेले.

तीन दिवस ती काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, हाताला सुई, छातीवर चिकटवलेल्या तारा. दुसऱ्या दिवशी तिला एकदा झटका आला. मला दोन-दोन तासांनी दहा मिनिटं आत सोडत. मी हात धुऊन, अंगठ्याचं टोक तिच्या तळपायाला लावायची. ती पाय ओढून घ्यायची नाही. मी मनातल्या मनात देवाशी व्यवहार करत होते, की ही वाचली तर मी सगळ्यांना माफ करीन. खोटं बोलत होते, आणि बहुतेक देवालाही ते कळत असावं.

सासूबाई बाहेरच्या बाकावर असायच्या. सकाळी पेज, दुपारी भात आणायच्या, डबा माझ्या खाटेजवळ ठेवायच्या आणि परत बाकावर जाऊन बसायच्या. आत जायची परवानगी त्यांना नव्हती, पण काचेतून बघता येत होतं. त्या काचेपाशीही गेल्या नाहीत. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. डबा तसाच परत जायचा आणि मी शेजारच्या खाटेवरच्या सुनेसाठी आलेल्या चिमाकाकूंच्या डब्यातलं दोन घास खायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी विनीत आला. जेटीवर लाँच लागली तसा कपडेही न बदलता धावत आलेला, अंगाला डिझेलचा वास. काचेतून बघून आला आणि माझ्या खाटेवर बसला. सासूबाईही त्याच्यामागून आत येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या.

"काय झालं गो नक्की?"

मी सगळं सांगितलं. तीन दिवस मी तेच तर करत होते, त्याला सांगायचं म्हणून एक-एक वाक्य जपून ठेवत होते. मी काय म्हटलं, त्या काय म्हणाल्या, पहिलं गढूळच येतं, दोन तास चालतं. हंडे कोरडेच कसे असं त्यांनी विचारलं, इथपर्यंत आले आणि विनीत हसला.

छोटंसंच हसू. नाकातून निसटलेलं. भीतीनं हसला असेल, आठ दिवसांची झोप नव्हती म्हणून हसला असेल. पण त्याच्या पाठोपाठ चिमाकाकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. उद्या हे अनिल सांगेल, परवा जेटीवर सांगतील, गणपतीत पाहुण्यांना सांगतील. वाडीला वर्षानुवर्षं पुरेल असा किस्सा झाला होता, आणि माझी मुलगी पलीकडे नळ्या लावून पडली होती. मला रडूसुद्धा येईना.

"हसू नको," सासूबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता.  चिमाकाकूंनी पदर खाली घेतला.

"हसण्यासारखं काय हाय त्यात? तिनं मला सांगितलान. मी ऐकलं नाय. दाराशी जाऊन एकदा बघायचं, तेवढं पण मला झालं नाय, लिलाव चुकेल म्हणून."  मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि डॉक्टरनी विचारलान तेव्हा खोटं बोलले. अर्धा तास म्हटलं. हिनं खरं सांगितलान म्हणून पोर हाय."

 सासूबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

मी त्यांना माफ केलं असं समजू नका. माफ केल्यावर काय वाटतं ते मला अजून माहीत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी आणलेली पेज मी त्यांच्यासमोर बसून संपवली. डबा मिटताना त्यांना म्हटलं, काचेतून बघून या तिला. त्या गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत.

बाराव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. तोवर ती रडायला लागली होती, बारीक आवाजात, पण रडत होती. दूधही ओढत होती. दर्शना मॅडम म्हणाल्या, "मेंदूला किती त्रास झालाय ते आत्ता सांगता येणार नाही. मान कधी धरते, नजर देते का, बसते कधी, हे बघत राहा. बघत राहणं एवढंच आहे." आम्ही तिचं नाव भाविका ठेवलं.

बघत राहणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक झालं. वाडीत त्याच महिन्यात आणखी दोन पोरं झाली होती. त्यातल्या एकानं तिसऱ्या महिन्यात मान धरली, दुसऱ्यानं त्याच्या आसपास. भाविकाला खांद्यावर घेतलं की तिची मान अजून कलंडायची. मी घरात कुणाला काही बोलायची नाही. सासूबाईही नाही. पण मी स्वयंपाकघरात असले की खोलीतून त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. त्या तिला बांगड्या वाजवून बघत असायच्या, वळतेय का. मी गेले की हात खाली घ्यायच्या. मीही तेच करायची, चमच्यानं, त्या नळावर असल्या की. दोघी एकमेकींपासून चोरून एकच परीक्षा घेत होतो आणि निकाल एकमेकींना सांगत नव्हतो.

चौथा महिना संपून आठवडा झाला होता. दुपारची वेळ. मी तिला चटईवर पालथी घातली होती आणि तिच्यासमोर आडवी पडून, नेहमीसारखं, काहीबाही बोलत होते. तिनं कपाळ चटईवर घासलं, कुरकुरली. मग तिची मान वर आली. थरथरत आली आणि वर राहिली. माझ्याकडे बघितलंन, मग हळूच दाराकडे. दहापर्यंत मोजता आलं मला. मग डोकं खाली पडलं आणि ती चिडून रडायला लागली.

मी वळून बघितलं तर दारात सासूबाई उभ्या होत्या, हात ओले, पदर खोचलेला.

"मान उचललीन?" त्यांनी विचारलं. "का मलाच वाटलं?"

"उचलली, आई."

"नीट सांग. काय केलान?"

"मान उचलली. वर धरून ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं."

त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.